इंगोलेकाका आणि आमचा फ्रिज

संध्याकाळी सातला बेल वाजली की बायको दाराकडे न बघताच सांगते, "जा, फ्रिज बंद कर."

दारात खालच्या मजल्यावरचे इंगोलेकाका असतात. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "चालू आहे ना तुमचा?" एवढंच. काका मूळचे अमरावतीचे, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. पण कोथरूडमध्ये तीस वर्षं काढल्यावर माणूस टोमण्यातच बोलायला लागतो. त्यांच्या गाण्याच्या यंत्रात म्हणे बारीक घूं असा आवाज येतो आणि तो आमच्या फ्रिजचा असतो. स्वतःचा फ्रिज त्यांनी दिवाळीनंतर विकूनच टाकला. तेव्हापासून काकूंचं दूध आमच्याकडे असतं. म्हणजे दूध त्यांचं, फ्रिज आमचा, आणि तो बंद करायला सांगणार हेच. आता याला काय म्हणायचं?

यंत्र म्हणजे डॅक. हा शब्द कुणी चुकून काढला तर पाऊण तास गेलाच. "अहो, कॉम्प्युटरमध्ये गाणं नसतं, नुसते आकडे असतात. त्या आकड्यांचा परत आवाज करतो तो डॅक. बाजारातले करतात, पण कारकुनी पद्धतीनं." म्हणून काकांनी घरी बनवला. आवाज येतो म्हणून दुसरा बनवला. मग तिसरा, जाड स्टीलच्या डब्यात. त्यापायी काकूंचा पोह्यांचा डबा गेला, घूं काही गेला नाही.

एकदा त्यांचे हेडफोन लावून मी खरं ते सांगितलं. "मला तर काहीच येत नाही ऐकू."

"कान काय चष्मा अडकवायला दिलेत तुम्हाला?"

त्याहून मोठा गाढवपणा म्हणजे मी माझा ऑफिसचा हेडसेट त्यांच्याकडे दुरुस्तीला दिला. डावी बाजू मधूनच बंद पडायची. तीन आठवड्यांनी तो परत आला, म्हैस बांधता येईल एवढी जाड वायर लावून. आता डावी बाजू एवढी जोरात वाजते की खराडीच्या ऑफिसातून साहेब बोलायला लागले की मी दचकतो. हे सांगितलं तर काका म्हणाले, "दोन्ही बाजू सारख्या केल्यात. नीट ऐका."

एका गुरुवारी दुरुस्तीसाठी आख्ख्या भागाची वीज गेली. लॅपटॉपची बॅटरीही संपली, म्हणून काकूंचं दूध नासायच्या आत देऊन यावं म्हटलं. काकू भाजीला गेल्या होत्या. काका खुर्चीत एकटेच, मान तिरकी करून बसलेले. पंखा नाही, पंप नाही, बिल्डिंग चिडीचूप. अशी संधी मी सोडतो होय!

"काका, आत्ता कुणाचाच फ्रिज चालू नाही. आता तरी पटलं?"

"येतोय अजून," काका म्हणाले.

"कुठून येतोय?"

त्यांनी डाव्या कानावर बोट ठेवलं. "इथून. डॉक्टर म्हणाले, जायचा नाही. आणि ऐकू येणंही कमीच होत जाईल. महिना झाला त्याला."

महिना झाला! आणि कालसुद्धा मी फ्रिज बंद केला होता. मला संताप यायला हवा होता, पण मी दुधाचं पातेलं ओट्यावर ठेवून आलो.

"तुमच्या फ्रिजचा असता तर किती बरं झालं असतं हो," काका म्हणाले. मग दाराकडे बघत, "हिला यातलं काही सांगू नका. तिनं डबा दिलाय."

दुसऱ्या दिवशी सात वाजले. बेल वाजली नाही. सव्वासात झाले. बायको दोनदा दाराकडे बघून आली. शेवटी मीच उठलो, फ्रिज बंद केला आणि खाली गेलो.

"काका, बंद केलाय. बघा जरा."

काकू मेथी निवडत होत्या. काकांनी माझ्याकडे पाहिलं, हेडफोन लावले आणि बराच वेळ डोळे मिटून बसले.

"आज कमी आहे," ते म्हणाले.

"लागला बाई एकदाचा माझा डबा सत्कारणी," काकू म्हणाल्या.