अठ्ठावीस हजार ओळींचे धनी

ऑफिसात तीन आठवडे रण पेटलं होतं. प्रश्न एवढाच, की प्रोग्रॅममधली आतली ओळ लिहिताना आधी दोन जागा सोडायच्या की चार. दोन-वाल्यांची पुढारीण चष्मेवाली, चार-वाल्यांचे सेनापती नाना. देवाने बुद्धी दिली ती याचसाठी का, ही शंका दोन्हीकडच्या एकालाही आली नाही.

अखेर वैतागून साहेबांनी चिठ्ठी टाकली. चार निघालं!

नानांना दहा हत्तींचं बळ आलं. उद्यापासून त्यांची रजा होती. लेकीकडे जाऊन महिन्याभराच्या नातीला पहिल्यांदा मांडीवर घ्यायचं होतं. गावाला जाण्याआधी घर झाडून घ्यावं, तशा त्यांनी एका बटणासरशी अठ्ठावीस हजार ओळी रांगेत आणल्या. वर सगळ्यांना बोलावून दाखवल्याही.

तासाभरात दातांच्या दवाखान्यातून फोन. "अहो, तुमच्या प्रोग्रॅमने उद्या तेरा जणांना एकदम दहा वाजता बोलावलंय! खुर्ची एक, जबडे तेरा!"

साहेबांनी बिघडलेली ओळ शोधली. कोणत्या ओळीला शेवटचा हात कुणाचा, याची कंप्युटरवर नोंद असते. तिथे नाव होतं नानांचं. वरच्या ओळीला नाना, खालच्या ओळीला नाना.

"नाना, सगळा प्रोजेक्ट तुमच्याच नावावर दिसतोय," चष्मेवाली म्हणाली. "सातबारा झाला की!"

"अहो, मी फक्त जागा सोडल्या! अक्षराला हात लावला नाही!"

"ते मला सांगू नका," साहेब म्हणाले. "ज्याची ओळ, त्याने निस्तरायची. मग रजा."

नाना पेटले. "थांबा! जुनी नोंद उकरतो. हा दोन-वाल्यांचाच प्रताप असणार. या, सगळे या! साहेब, तुम्हीही बघा!"

सगळे मागे उभे राहिले. नाना दिवस, महिने, वर्षं मागे जात राहिले. पाच वर्षांपूर्वीची मूळ ओळ सापडली. आधी ना दोन जागा, ना चार, चक्क तीन. शेजारी लिहिणाऱ्याचा शेरा होता: "दिवसाला चाळीस पेशंट झाले की पुढचे सगळे दहा वाजता टाकलेत. एका दिवशी एवढ्यांचे दात कशाला दुखतील? पुढच्या आठवड्यात नीट करतो."

खाली सही. नाना.

साहेबांनी छताकडे पाहिलं. चष्मेवालीने मात्र खुर्ची ओढली. "सरका नाना. तुम्ही सांगा, मी टाइप करते. आणि काळजी नको, चारच जागा सोडते."

रात्री उशिरा दवाखान्याचं गाडं रुळावर आलं. साहेबांनी रजेवर सही केली. नानांनी बायकोला फोन लावला.

"बॅग भरून ठेव, निघतोच. एक काम राहिलं होतं, म्हणून उशीर."

"कधीचं?"

नानांनी कंप्युटर बंद केला. "पुढच्या आठवड्यातलं."