बाबल मेस्त्री आणि कीबोर्डचं पोट

"काल हेका काय जेवक घातलास?"

दुकानात कीबोर्ड घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला बाबल मेस्त्री पहिला प्रश्न हाच विचारतात. नावगाव नंतर. काय बिघडलंय ते तर सांगूच देत नाहीत. नवखा माणूस गोंधळतो, बाहेर जाऊन दुकानाची पाटी पुन्हा वाचून येतो. पाटी बरोबरच असते. मेस्त्रींना फक्त ॲडाप्टर बघायचा असतो.

मी शाळेत संगीत शिकवतो आणि मेस्त्रींच्या शेजारी राहतो. मालवणच्या बाजारातून आमच्या वाडीकडे वळलं की कोपऱ्यावर त्यांचं दुकान. पूर्वी रेडिओ करत, मग टीव्ही केले. आता वैभववाडीपासून दोडामार्गपर्यंतचे कीबोर्ड त्यांच्याकडे येतात. भजनी मंडळांचे, ऑर्केस्ट्रावाल्यांचे, चर्चमधल्या गाणाऱ्यांचे. खाऱ्या वाऱ्याने गंजलेले, मुंग्या झालेले. एकदा एका कीबोर्डात पालीची चार अंडी निघाली होती. मेस्त्रींनी ती कापसात ठेवून परसात नेली आणि मालकाला म्हणाले, "भाडेकरू होते. हलवलंय."

त्यांचा सिद्धांत एकच. "आधी पोट, मगे गळो." आवाज चरचरू दे, मध्येच बंद पडू दे, पट्टी दाबली की दिवे मंद होऊ देत, दोष गळ्यात नसतो, पोटात असतो. पोट म्हणजे पॉवर सप्लाय.

शाळेचा कीबोर्ड प्रार्थनेच्या वेळी घुंऽऽ करायला लागला, तेव्हा मीही तो घेऊन गेलो. मेस्त्रींनी झाकण उघडलं आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने एक काळं नळकांडं दाखवलं.

"ही टाकी. भायरसून करंट येता तो धापा टाकीत येता. ही तो भरून घेता आणि सावकाश सोडता. ही सुकली काय घुंऽऽ सुरू. आणि ह्यो बघा, तीन पायांचो वाढपी. टोपात बारा व्होल्ट असांदेत नायतर पंधरा, ह्यो पानात पाचच वाढतलो. चिपाक पाचच पचतत. उरलेलो भार आपल्या अंगावर घेता, म्हणान तापता. हात लावन बघा."

मी हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"बघलात? दुसऱ्याच्या पोटासाठी तापता तो," मेस्त्री अभिमानाने म्हणाले. जणू तो वाढपी त्यांच्या भावकीतलाच.

हे निदान ते माणसांनाही लावत. आमचे मुख्याध्यापक हल्ली सारखे गुरगुरतात, असं मी बोलता बोलता म्हणालो. मेस्त्रींनी डोकंही वर केलं नाही. "टाकी सुकली आसतली. ताक पिऊक सांगा."

चुकीचा ॲडाप्टर लावणाऱ्याला मात्र त्यांच्याकडे माफी नव्हती. कुडाळचा एक ऑर्केस्ट्रावाला लॅपटॉपचा ॲडाप्टर कीबोर्डला लावून बसला होता. वरातीत धूर निघाला. मेस्त्री त्याच्यावर असे कडाडले की समोरचा भाजीवाला उठून बघायला आला. "बारा व्होल्टाचो जीव तो, तेका एकोणीस घातलंस? पेज पिणाऱ्या पोराक वडे-सागोती भरवलंस मेल्या! पाया पड तेच्या." आणि त्या दाढीवाल्या माणसाने खरोखरच कीबोर्डला हात जोडले.

असे हे मेस्त्री. दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ दिलं, असं मी त्यांना एकदाच पाहिलं.

गेल्या वर्षी एका दुपारी देवगडकडची एक बाई जुन्या लुगड्यात गुंडाळलेला कीबोर्ड घेऊन आली. मी तिथेच बसलो होतो. मेस्त्रींनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"दोन वर्सां काय्येक घालूक नाय," बाई म्हणाली. "बापूस गेलो तेवापासून बंदच आसा. भजनीबुवा होतो तो. जायच्या आधी ह्येच्यात गवळण वाजवन ठेवल्यान. परवा लावूक गेलंय तर सुरूच होणा नाय. भाऊ म्हणता, नवो घे. माका नवो नको. ह्येच्यात बापाशीचो हात आसा."

मेस्त्री झाकण उघडून आत बघत राहिले. मग उठून त्यांनी पंखा बंद केला.

"मास्तरानू, आता हालू नकात."

आत नाण्याएवढा एक सेल होता. मेस्त्री हळू आवाजात सांगू लागले. कीबोर्ड बंद असतो तेव्हा त्याची आठवण ह्या सेलावर जगते. नवा असताना तीन व्होल्ट. त्यांनी मीटर लावला. दोन पॉइंट एक.

"दोनाच्या खाली गेलो काय गवळण गेली. आणि असोच काढलो तरी गेली."

बाईने पदर तोंडाशी धरला.

मेस्त्रींनी दोन पेन्सिल सेल जोडले, मध्ये उलटा करंट अडवणारा एक डायोड घातला आणि त्यांच्या तारा जुन्या सेलाच्या बाजूने कथलाने डाकायला घेतल्या, म्हणजे जुना काढला तरी आठवण उपाशी राहणार नाही. तीस वर्षं डाक मारणारा माणूस, पण त्या दिवशी एकेक तार दोनदा पुसून घेत होता. शेवटी तार मला धरायला लावली. ती डाकून झाल्यावर त्यांनी पुन्हा मीटर लावून बघितला. मग टाकी बदलली, जळलेला वाढपी बदलला, आणि सगळ्यात शेवटी सेल.

दिवा लागला. बाईने बटण दाबलं.

बुवांची गवळण सुरू झाली. एका ठिकाणी त्यांचं बोट घसरलं आणि त्यांनी ती ओळ पुन्हा घेतली. बाई हसली. "हयसर चुकायचोच तो, नेहमी!" म्हणाली, आणि मग रडायला लागली. मेस्त्री भिंतीकडे तोंड करून उगाच डबे लावत राहिले.

ती गेल्यावर मी म्हणालो, "मेस्त्री, किती जपून केलंत हो."

"एकदा नाय जपलंय," ते म्हणाले.

त्यांची बायको, आमची शालनवैनी, जाऊन सात वर्षं झाली. तीही हौसेने कीबोर्ड वाजवायची, आणि भजनातला एक गजर तिने त्यात भरून ठेवला होता. ती गेल्यावर मेस्त्रींनी कीबोर्ड साफ करायला घेतला.

"धा मिन्टांचा काम. सेल जुनो दिसलो. काढलंय, नवो घातलंय. सगळा कसा चकचकीत केलंय. बटण दाबलंय, तर आत काय्येक नाय."

मेस्त्रींनी पंखा लावला आणि दुसऱ्या कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे. अंगात इस्त्रीचा शर्ट, बगलेत वैनींचा कीबोर्ड.

"मास्तरानू, तो गजर माका शिकवशात? चाल ध्यानात आसा. बोटांक म्हायत नाय."

हजार कीबोर्ड उघडणाऱ्या माणसाला 'सा' कुठे आहे ते ठाऊक नव्हतं. ते गुणगुणत, मी स्वर शोधत असे, मग ते एका बोटाने गिरवत. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी अर्धा तास. चुकले की स्वतःलाच शिव्या घालत. पावसाळा संपता संपता गजर बसला.

त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदाच अथपासून वाजवायला घेतला. निम्म्यावर आले आणि हात उचलून थांबले. मला वाटलं, विसरले. मी पुढचा स्वर दाखवायला बोट पुढे केलं.

"नको. वाईच थांबा," मेस्त्री म्हणाले. "हयसर ती पेज उतरूक गेल्ली, मगे परत इली. रेकॉर्डिंगचा बटण बंद करूक इसारली, म्हणान तेवढी गप जागा तशीच आत रवली."

मी बोट मागे घेतलं. मेस्त्री स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. स्वयंपाकघर माझं होतं, आत कोणी नव्हतं.

"इली," ते म्हणाले, आणि त्यांनी पट्टीवर बोट ठेवलं.