मागचा ट्रॅक्टर

शर्यतीला पाच दिवस उरले होते. त्या मंगळवारी संध्याकाळी स्वयंपाकघराच्या ओट्यावर बावीस वस्तू होत्या: एक हेल्मेट, दोन हातमोजे, दोन बूट, दोन पाण्याच्या बाटल्या, दोन ट्यूब, एक पंप आणि बी काढलेले बारा खजूर. व्यासराज प्रत्येक वस्तू काट्यावर ठेवत होते आणि वजन वहीत लिहीत होते. खजुरांची वजनं सारखी नव्हती, म्हणून बाराही वेगवेगळे तोलले. बुटांचं वजन झाल्यावर त्यांनी खिशातून व्हर्नियर काढला आणि त्यांच्या तळांची जाडी मोजली. दोन्ही अकरा मिलिमीटर.

"अहो, त्या काट्यावर मी रवा तोलते," विशालाक्षी म्हणाली. "त्याच्यावर बूट?"

"धुतलेत."

"बूट धुतलेत. काटा कोण धुणार?"

व्यासराजांनी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं काढली होती. निवृत्तीनंतर आठच महिन्यांत वरच्या मजल्यावरच्या उदयने त्यांना डोंगरातली सायकल दाखवली आणि मग ती त्यांच्याच हॉलमध्ये आली. टीपॉय गेलं, तिथे सायकल उभी राहिली. हँडल इतकं रुंद की टीव्ही पाहायला विशालाक्षीला मान डावीकडे झुकवावी लागे. जुलैपर्यंत तिने मान झुकवली. मग एक दिवस ती सरळ बसली.

"एक शर्यत," ती म्हणाली होती. "पुरी केलीत तर ती वस्तू इथंच राहील, मी मान वाकडी करीन. पण त्या ट्रॅक्टरात बसून आलात तर दुसऱ्या दिवशी बन्नूरला माझ्या दादाकडे जाईल. दुधाचे कॅन वाहायला. आयतु?"

"आयतु," व्यासराजही कानडीतच म्हणाले. झालं, ठरलं.

ट्रॅक्टरचा उल्लेख शर्यतीच्या माहितीपत्रकातच होता. सरगूरजवळच्या माळावरून अठरा किलोमीटर, मुदत दोन तास. शेवटच्या स्पर्धकामागून एक ट्रॅक्टर येणार, जे मागे पडतील त्यांना सायकलसकट ट्रॉलीत घेणार. व्यासराजांनी तो रस्ता दोनदा सायकलने कापून पाहिला होता. उत्तम वेळ: दोन तास नऊ मिनिटं.

"काका, चढ तुम्ही छान चढता," उदय म्हणाला होता. तो नाशिकचा, सॉफ्टवेअरमधला, चौतीस वर्षांचा. "पण उतारावर ब्रेक सोडतच नाही. मागच्या वेळी एका वळणावर मी तुमच्या शेजारून चालत खाली आलो होतो, आठवतंय? गप्पा मारत!"

ते व्यासराजांना आठवत होतं. उतारावर त्यांची आठही बोटं ब्रेकवर असत. म्हणून त्यांनी दुसरीकडून नऊ मिनिटं कमी करायचं ठरवलं होतं. घंटी काढली. स्टँड काढला. खजुरांच्या बिया काढल्या. एकूण सहाशे तीस ग्रॅम वाचले होते.

मंगळवारी रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी सायकल तपासली. चेन, टायर, ब्रेक. ब्रेक उत्तम. वहीत खूण केली. बुधवारपासून शर्यतीपर्यंत पूर्ण विश्रांती, असं वेळापत्रकात होतं.

बुधवारी खंडेनवमी होती. व्यासराज कोहळा आणायला बाजारात गेले. परत आले आणि हॉलच्या दारात उभेच राहिले.

पाटावर मिक्सर होता. शिवणयंत्र होतं. दाराबाहेर स्कूटर होती. आणि या सगळ्यांच्या मधोमध, झेंडूची माळ घालून, हळदीकुंकवाने मढून, दोन्ही चाकांखाली लिंबं ठेवून त्यांची सायकल उभी होती.

"तू हिची पूजा केलीस?"

"घरात राहते म्हटल्यावर तिला वगळून कसं चालेल?" विशालाक्षी म्हणाली आणि पदर सारखा करत दुसरीकडे बघू लागली. "स्टँड काढून ठेवलात. किती कष्टानं उभी केली, नोडी. बघा तरी."

व्यासराजांना भरून आलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच विशालाक्षीने त्या सायकलला 'ती वस्तू' न म्हणता 'ती' म्हटलं होतं. दुसऱ्याच क्षणी त्यांच्या मनात आलं की ही माळ किमान दीडशे ग्रॅमची असणार. ते हात पुढे करणार, एवढ्यात ती ओरडली.

"बेडा! पूजेतलं दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही. शिवायचं नाही."

त्यांनी हात मागे घेतला. दसऱ्याला संध्याकाळी बन्नीमंटपच्या मैदानावरची दसऱ्याची मशालींची कवायत टीव्हीवर बघून झाल्यावर विशालाक्षीने स्वतः माळ काढली, लिंबं उचलली आणि सायकल कोरड्या फडक्याने इतकी पुसली की कुंकवाचा कणही दिसेना. ब्रेक मंगळवारी तपासले होते. त्यानंतर सायकल चालली नव्हती. पुन्हा तपासायला व्यासराजांना काही शास्त्रीय कारण दिसलं नाही.

रविवारी सकाळी सात वाजता शर्यत सुटली. पहिले पाच किलोमीटर कालव्याकाठचे, सपाट. मग आठ किलोमीटर चढ. सातव्या किलोमीटरला उदय दिसेनासा झाला. नवव्याला बाकीचे सगळे दिसेनासे झाले. दहाव्याला मागून ट्रॅक्टरचा आवाज येऊ लागला.

तो घाई करत नव्हता. तेच भीतीदायक होतं. व्यासराज हळू झाले की तो हळू होई, ते थांबून खजूर खाऊ लागले की तोही थांबे. चालक मोठ्या आपुलकीने ट्रॉलीकडे हात करून म्हणे, "बन्नी सार, कूतकोळ्ळी. या, बसा."

"बेडा!" व्यासराज खजुरासकट ओरडत.

माथ्यावर पोचले तेव्हा एक तास चव्वेचाळीस मिनिटं झाली होती. उरले होते पाच किलोमीटर, सगळा उतार. हाताशी सोळा मिनिटं. याच उताराला मागच्या वेळी त्यांना सत्तावीस लागली होती. त्यांनी सवयीने आठ बोटं ब्रेकवर ठेवली आणि सायकल सोडली.

ब्रेकमधून नादस्वरावर लावावा तसा एक सूर निघाला. बाकी काही झालं नाही.

त्यांनी बोटं सोडली, पुन्हा दाबली. सूर वरच्या पट्टीत गेला. वेग वाढला. चौतीस वर्षं ज्यांनी कुठलाही निष्कर्ष तीन वेळा पडताळल्याशिवाय मांडला नव्हता, त्या व्यासराजांनी तिसऱ्यांदा दाबलं आणि निष्कर्ष मांडला, "अय्योऽऽ!"

बाजूच्या झुडपात पडणं शक्य होतं. पण झुडपात पडलेल्या माणसाला कोण उचलतं, हे मागच्या आवाजावरून स्पष्ट होतं. त्यांना डोळ्यांसमोर आपल्या सायकलवर दुधाचे दोन कॅन दिसले. त्यांनी डावा पाय पेडलवरून काढला आणि जमिनीवर टेकवला.

बूट ओरडला. धूळ उडाली. वेग थोडा कमी झाला, फार नाही. पहिल्या वळणावर त्यांनी तीन जणांना मागे टाकलं. त्यातल्या एकाने "सूपर, अंकल!" म्हटलं, कारण त्याला वाटलं की हे काहीतरी तंत्र आहे. दुसऱ्या वळणावर आणखी पाच गेले. तिसऱ्या वळणाच्या आधी एक म्हैस आली, पण तिने व्यासराजांचा चेहरा पाहिला आणि मागे सरली.

अंतिम रेषेशी विशालाक्षी थर्मास घेऊन उभी होती. शेजारी उदय होता, केव्हाच पोचलेला. धुळीच्या ढगातून एक पाय बाहेर काढून नवरा येताना दिसला तेव्हा तिने हात वर केला. तो तिच्यासमोरून निघून गेला. तिचा हात वरच राहिला.

"थांबा! अहो, झाली शर्यत!"

"ठाऊक आहेऽऽ!"

रस्ता पुढेही उताराचाच होता. तो एका शेतापाशी वळला. व्यासराज वळले नाहीत. गेल्या वर्षीच्या पेंढ्याची गंजी तिथे होती म्हणून बरं.

थोड्या वेळाने मागून आलेला ट्रॅक्टर त्यांना आणायला पुढे गेला आणि परत येताना विशालाक्षीला दिसला. ट्रॉलीत सायकल होती आणि सायकलशेजारी, कानापर्यंत पेंढा लागलेले, व्यासराज बसले होते.

ते खाली उतरले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"ट्रॅक्टर," विशालाक्षी म्हणाली.

"रेषा ओलांडल्यावर! एक तास सत्तावन्न मिनिटं बेचाळीस सेकंद. विचार आयोजकांना. त्याच्यापुढचे चारशे दहा मीटर शर्यतीत धरत नाहीत."

"मी ट्रॅक्टर म्हटलं होतं. रेषेचं काही म्हटलं नव्हतं. दादाला फोन करते."

"पण हे झालं कसं, काका?" उदय सायकलशेजारी उकिडवा बसला होता. चाकाच्या मध्याशी जी स्टीलची चकती असते, जिला ब्रेक पकडतात, तिच्यावरून त्याने बोट फिरवलं. बोट लालसर झालं. "हे तेल आहे. डिस्कवर तेल? एक थेंब पडला तरी ब्रेक गेले म्हणून समजा. कोणी लावलं?"

व्यासराजांनी त्याचं बोट धरून हुंगलं. "तिळाचं," ते म्हणाले.

विशालाक्षीच्या हातातलं थर्मासचं झाकण अर्धंच फिरलं.

"तुम्हीच म्हणालात," ती हळू आवाजात म्हणाली, "की हिला पाणी लागलं तर गंज चढतो. म्हणून कुंकू मी तेलात कालवलं. आणि लावायला ते गोल-गोल बरं दिसलं. चक्रासारखं." तिने बोटाने हवेत गोल काढला. "दोन्ही चाकांना लावलं. नीट. दोन्ही बाजूंनी."

ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद केलं.

"म्हणजे तुम्ही तो डोंगर..." तिने वर डोंगराकडे पाहिलं. "मग तुम्ही थांबलात कसे?"

"थांबलो नाही," व्यासराज म्हणाले.

तिने थर्मासचं झाकण भरून कॉफी ओतली. निम्मी त्यांच्या बुटावर सांडली. मग तिने फोन पर्समध्ये टाकला, पर्सची चेन लावली आणि त्यांच्या कानामागचा पेंढा काढायला लागली. घरी पोचेपर्यंत बन्नूरचं नाव निघालं नाही.

संध्याकाळी सायकल हॉलमध्ये होती. विशालाक्षी मान डावीकडे झुकवून बातम्या बघत होती. मग उठली, स्वयंपाकघरात गेली, रव्याचा काटा ओट्यावर ठेवला, त्याच्याशेजारी व्हर्नियर ठेवला आणि दोन्ही बूट आणून दिले. वही उघडून पेन हातात घेतलं.

"सांगा," ती म्हणाली.

"उजवा, अकरा मिलिमीटर. डावा, चार."