गावपळणीतला रहिवासी

सरकारी कागद म्हटला की आमच्या कांदळखोल गावात एकच नाव घेतलं जातं, आणि ते माझं. लवूमामा! सातबारा असो, जन्माची नोंद असो, नाहीतर मनिऑर्डरीवरची सही जुळत नसो, माणसं आधी माझ्या पडवीत येतात आणि मग कचेरीत जातात. तालुक्याच्या कचेरीतला शिपाईसुद्धा मला उठून नमस्कार करतो. बायको म्हणते, तो पान मागायला उठतो. म्हणू दे. घरकी मुर्गी दाल बराबर!

तर अठ्ठावन्न सालची गोष्ट. माझी भाची शेवंती, माहेर तोंडवलीचं, माझ्याच शब्दावर आमच्या गावात दिलेली. नवरा गुरुदास, मोंबासाच्या बंदरात फिटर. लग्न झालं आणि पंधरवड्यात तो बोटीत बसला तो बसलाच. पोरगी दोन वर्षं सासूसासऱ्यांचं करत, पत्रं उशाखाली ठेवून दिवस काढत होती. शेवटी गुरुदासाने तिकडच्या सरकारकडून बायकोला आणायचा परवाना मिळवला. आता इकडून फक्त एक कागद हवा होता. अर्जदार बाई नवऱ्याच्या मूळ घरी कायम राहते, असं अधिकाऱ्याने जागेवर जाऊन पाहिल्याचा दाखला. परवान्याची मुदत महिनाअखेरपर्यंत. चुकली की सगळं पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे आणखी वर्ष-दीड वर्ष.

शेवंतीने मला एकच विचारलं, "मामानू, जमात मां?"

मी हसलो. म्हटलं, "गो, तू लुगडी भरूक घे."

कचेरीत गेलो. सर्कलसाहेब नवीन होते. बिराजदार नावाचे, सोलापूरकडचे, कामाला कडक. पण माझ्यापुढे कडक माणूसही खोबऱ्यासारखा फुटतो. गुरुवारी सकाळी येतो म्हणाले. मी परतलो तो मिशीला पीळ देतच. शेवंतीच्या सासऱ्याला घर सारवायला लावलं, अंगणात तुळशीला गेरू लावला, साहेब येतील तेव्हा शेवंती दारात सूप घेऊन तांदूळ पाखडत असेल, हेसुद्धा मी ठरवून दिलं. ती राहते हे नुसतं सांगून भागत नाही, ते दिसावं लागतं!

आणि मंगळवारी देवाने कौल दिला. गावपळण!

आता आमच्याकडची ही रीत घाटावरच्या मंडळींना सांगितली तर ती आमच्या कपाळाला हात लावून ताप बघतात. दर तीन-चार वर्षांनी देवाने कौल दिला की सगळा गाव घरं बंद करून शिवेबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी. तीन दिवस, तीन रात्री गावात गावच्या माणसाने पाय ठेवायचा नाही. दाराला काटेरी फांद्यांच्या झिळा लावायच्या, चुलीत निखारा ठेवायचा नाही, आणि खाडीपलीकडे शेजारच्या गावच्या माळावर खोपी घालून राहायचं. मग पुन्हा कौल घ्यायचा आणि परत यायचं. परक्याला मात्र बंदी नाही. त्याने खुशाल फिरावं.

बुधवारी निघायचं म्हणजे गुरुवार नेमका त्यात सापडला. शेवंतीचा चेहरा उतरला. साहेबांना निरोप धाडून दिवस पुढे ढकलू या, असं तिच्या सासऱ्याने सुचवलं. मी त्यांना वेड्यात काढलं. साहेब पुन्हा कधी वेळ देतील याचा नेम नव्हता, आणि महिना तर संपत आलेला. शिवाय त्यात एवढं अवघड काय? साहेब येणार सडकेने. मी शिवेवरच उभा राहणार, त्यांना धरणार, नारळाचं पाणी पाजणार आणि सरळ खोपीत नेऊन शेवंती दाखवणार. लवूमामाने योजना केली की ती केली!

गुरुवारी सकाळपासून मी सडकेवर उभा. धुतलेला कोट, खिशात पेन, हातात शहाळं. एक गाडी आली, गेली. दुसरी आली, गेली. साहेब नाहीत. तेवढ्यात खाडीतला तरवाला, बाबली, होडी वल्हवत खालून ओरडला की तुमच्या साहेबाला आत्ताच गावाच्या धक्क्यावर उतरवून आलो, ओहोटी लागायच्या आत मला पुढे जायचंय.

माझ्या हातातलं शहाळं तिथंच पडलं. साहेब खाडीने आले होते!

पुढचं मला साहेबांनीच नंतर सांगितलं. धक्क्यावर उतरले तर माणूस नाही. पहिल्या घरी हाक मारली, उत्तर नाही. दुसऱ्या घराला काटे. तिसऱ्याला काटे. कुत्रं भुंकेना, कोंबडा आरवेना. विहिरीवर कळशी नाही, दोरीवर कपडा नाही. विचारत जायला माणूस नाही, म्हणून दारावरच्या पाट्या वाचत वाचत ते शेवंतीच्या घरी पोचले, तर अंगण स्वच्छ सारवलेलं आणि दाराला हे मोठं कुंपण. त्यांची खात्रीच पटली की गावात पटकीची साथ आली आणि होतं-नव्हतं ते सगळं आटोपलं. नाकाला रुमाल लावून ते धक्क्याकडे धावत सुटले. तिथं बाबलीची होडी नाही. धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर ते कागद कवटाळून बसले.

इकडे मी शेजारच्या गावची एक लहानशी होडी उसनी घेतली. धर्मसंकट होतं, नाही असं नाही. पण मी मनाशी चोख हिशेब केला. गावात पाय ठेवायचा नाही, असा नियम. खाडी गावाची नव्हे, सरकारची. होडीतून खाली उतरलो नाही म्हणजे झालं. पलीकडच्या माळावर सगळा गाव खोपीबाहेर येऊन बघत होता, आणि मी दर्यावर्दीच्या ऐटीत धक्क्याला लागलो.

साहेबांनी मला पाहिलं आणि कचेरीतली आमची भेट साफ विसरून विचारलं, कोण तुम्ही?

मी सांगितलं, याच गावचा. मग ते म्हणाले, वर या. मी म्हटलं, वर येत नाही, आपणच खाली या. ते दोन पायऱ्या मागे सरकले. गावचे आहात आणि गावात पाऊल टाकत नाही, म्हणजे साथच आहे ना, असं त्यांनी रुमालातून विचारलं. मी समजावलं की साथबीथ काही नाही, घरं आमचीच, फक्त आज आम्ही तिथं राहत नाही. हे बोललो आणि लगेच जीभ चावली, कारण साहेबांनी पेन काढून ते वाक्य तसंच्या तसं लिहून घेतलं.

शेवटी कसेबसे ते यायला तयार झाले. एक पाय होडीत टाकला, दुसरा शेवाळलेल्या पायरीवर. होडी सरकली. साहेब कुळाच्या दाव्यासारखे मधोमध लोंबकळले! मी झेप घेतली, त्यांना कमरेला धरलं, वर ओढलं, होडीत ढकललं, आणि मग माझ्या ध्यानात आलं की मी दोन्ही पायांनी धक्क्यावर उभा आहे. गावाच्या धक्क्यावर. माळावरून एक मोठा "आगो बाये" ऐकू आला. सगळ्या गावाने एकदम काढलेला.

खोपीशी पोचलो तेव्हा मानकरी गंगाराम माझ्याकडे बघायलाही तयार नव्हता. शेवंतीने मात्र साहेबांना सुका पंचा दिला, गरम भात आणि कुळथाची पिठी वाढली. साहेबांची भीती गेली, पण कडकपणा गेला नाही. हात धुऊन त्यांनी कागद मांडीवर घेतला आणि लिहिता लिहिता सांगून टाकलं. पाहणी केली तेव्हा अर्जदार बाई त्या घरात नव्हती. गाव ओसाड होता. सध्या ती राहते ती जागा शेजारच्या गावच्या हद्दीत. आपण डोळ्यांनी पाहिलं तेच लिहिणार. नियमाप्रमाणे दाखला देता येत नाही.

मी घसा खाकरून नियमांचा दुसरा अर्थ सांगायला लागलो. साहेबांनी हात वर करून मला थांबवलं. शेवंतीचे सासरे खाली मान घालून बसले.  पोरीची दोन वर्षं माझ्या एका गुरुवारपायी वाया जाणार होती.

तेव्हा शेवंती पुढे आली. डोळे भरलेले, पण आवाज ठणठणीत.

"सायबानू, एक इचारू? सकाळी तुमका गावात फिराक कोणी अडवला?"

"कोणीच नाही."

"कित्याक? तर तुमी परके. परक्याक देव भायर काढणा नाय. मी जर हयली नसतंय, तर ह्या वाऱ्यात खोपीत येवन कशाक निजलंय असतंय? भितर गावात तो परको, भायर आसा तो गावचो. माझो रहिवास ह्याच्यापरीस आणखी कसो दाखवू?"

साहेब उठून उभे राहिले. मग माळावरच्या सगळ्या खोपींकडे, गुरांकडे, डालाखालच्या कोंबड्यांकडे त्यांनी नजर फिरवली. आणि त्या कडक माणसाने आधीचा कागद फाडला. नोकरीत असा पुरावा पहिल्यांदाच पाहिला, म्हणाले. नव्या कागदावर झरझर लिहिलं की गावपळणीच्या रूढीप्रमाणे अर्जदार बाई गावाबाहेर आढळली, सबब ती गावची कायमची रहिवासी आहे. शेवंती मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मलाही भरून आलं.

आता खाली गावच्या एका साक्षीदाराची सही हवी होती. मी पेनाचं टोपण काढलं, बाह्या सारल्या आणि पुढे झालो.

"तुमची चालणार नाही," साहेब म्हणाले. "तुम्ही आत होतात."

मी हसलो. मला वाटलं, थट्टा करतायत. पण त्यांनी गंगारामकडे वळून विचारलं, हे गृहस्थ तुमच्या गावचे का?

गंगारामने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. पायाकडे जरा जास्तच वेळ.

"ह्यो?" तो म्हणाला. "गावचो आसतो तर आज धक्क्यार उभो ऱ्हवतो?"

आणि त्यानेच सही ठोकली.

शेवंती वेळेत मोंबासाला पोचली. देवाला नारळ आणि कोंबडा देऊन मीही गावाशी समेट केला. परवा तिचं पत्र आलं, मुलगा झालाय, मामांनी बारशाला यावं, तिकीट गुरुदास काढतोय. मी ऐटीत कचेरीत गेलो, स्वतःच्या रहिवासाचा दाखला मागायला. बिराजदार साहेबांनी जुनी फाईल काढून माझ्यासमोर उघडली. शेवटच्या ओळीत लिहिलेलं होतं की लवू नावाचे एक गृहस्थ पाहणीच्या दिवशी गावात आढळले, सबब ते गावचे रहिवासी नाहीत.

साहेबांशी वाद घातला नाही. काय घालणार? आता पुढच्या गावपळणीची गावात सगळ्यात जास्त वाट मीच बघतोय. बोचकं बांधून तयार ठेवलंय. कौल झाला रे झाला की सगळ्यांच्या आधी घर सोडणार आहे, म्हणजे मी तिथं राहतो हे तरी सिद्ध होईल!