दाराकडे तोंड असलेली जागा

शानदोंग प्रांतातील शिकोऊ नावाच्या बंदरात फान सूचिन या साठीच्या बाईंच्या खाणावळीत एक गोल टेबल होते आणि आशियातील सत्तांचा तोल बदलला की त्याभोवतीच्या बारा खुर्च्या आपणहून जागा बदलत. प्रत्येक खुर्ची एकेका देशाची. दाराकडे तोंड असलेली जागा सर्वांत मानाची. कोण कुठे सरकले याची नोंद रोज सकाळी जिल्हा कचेरीला कळवण्याचे काम फान घराण्याकडे तीन पिढ्या चालत आले होते. खुर्चीला हात लावायचा नाही, एवढीच अट. केरसुणीसुद्धा पायांना वळसा घालून फिरे.

सूचिनच्या आजोबांच्या नोंदींत चीनची खुर्ची स्वयंपाकघराच्या वाटेत, येणाऱ्याजाणाऱ्यांचे धक्के खात उभी होती. वडिलांच्या काळात ती भिंतीला टेकली. या वसंतात ती मानाच्या जागेपासून दोन बोटांवर येऊन ठेपली. समुद्रापारच्या महासत्तेची खुर्ची तिथे कित्येक वर्षे ऐसपैस पसरली होती. तिनेही जरा अंग चोरले. हिमालयापलीकडच्या शेजाऱ्याची खुर्ची तेवढी नेहमीप्रमाणे सकाळी एकीकडे, दुपारी दुसरीकडे.

कचेरीने समारंभ ठरवला, पताका आल्या; आणि सोमवारी चीनची खुर्ची हातभर मागे गेली. मंगळवारी पुढे आली आणि पुन्हा मागे गेली.

कचेरीचे विभागप्रमुख लू धापा टाकत आले. "मावशी, हे काय मांडलंय? उतरती कळा लागली की काय?"

"आधी चहा घ्या."

"चहा कसला! वर काय कळवू? खुर्चीला हात लावायचा नाही, कबूल. पण दाराला लावायला कुठे बंदी आहे? गवंडी बाहेर उभे आहेत. दार हातभर सरकवलं की खुर्ची बरोबर समोर येते."

सूचिनने शांतपणे विचारले, "लू साहेब, सासुरवाडीला पहिल्यांदा जेवायला गेलात, तेव्हा मानाच्या जागी बसा म्हटल्यावर लगेच बसलात?"

"छे, छे! तीनदा नको म्हणालो. मग सासऱ्यांनी दंडाला धरून बसवलं."

"मग ही काय वळण नसलेल्या घरची आहे?"

लू यांनी खुर्चीकडे पाहिले. "पण नकार दोनच झालेत."

"तिसरा उद्या. आज दार हलवलंत, तर आगंतुकासारखी बसली असं होईल. आणि बाकीच्या अकरा जणी बघताहेत."

"समजा, परवा बसली नाही तर?"

"तर नोंदींची वही तुमची. फानांच्या घरात पुन्हा कुणी नोंद करणार नाही."

लू यांनी हे तीन प्रतींत लिहून घेतले आणि शिक्का मारला.

बुधवारी खुर्ची तिसऱ्यांदा मागे गेली. गुरुवारी सकाळभर काहीच हलले नाही. मानाने नाकारणाऱ्याला मानानेच आग्रह व्हावा लागतो आणि तो करणे इतरांच्या हाती असते, हे सूचिनला ठाऊक होते. तिने वहीचे कोरे पान उघडून ठेवले. दुपारी लू यांनी खिशातून तो शिक्क्याचा कागद काढला, गवंड्याने थापी उचलली.

तेवढ्यात फरशीवर करकर झाली. समुद्रापारची खुर्ची आखडत आखडत एक अख्खी जागा बाजूला झाली. उत्तरेकडच्या शेजाऱ्याच्या खुर्चीने चीनच्या खुर्चीला मागून हलकेच रेटले. चीनची खुर्ची, घाई नाही, संकोच नाही, अशी पुढे आली आणि दारासमोर स्थिर झाली.

"लिहा मावशी, 'विजय झाला'!"

"'बसली' एवढंच लिहिते. आजोबांनी 'ढकलली' लिहिलं होतं, 'पराभव' नव्हे."

तिने वही मिटली. मानाच्या जागेने सुरुवात केल्याखेरीज टेबलावर कुणी घास घेत नसे, आणि अकरा खुर्च्या वाट पाहत होत्या. सूचिनने पाठ ताठ करून आत हाक दिली, "मासा आणा रे! आणि ताट ठेवताना माशाचं तोंड मानकऱ्याकडे, म्हणजे हिच्याकडे."