न्हाणीघराची कडी

घाईने केलेली दुरुस्ती टिकत नाही, आणि न केलेली दुरुस्ती पिढ्यानपिढ्या टिकते. आमच्या न्हाणीघराची आतली कडी याच तत्त्वावर अकरा वर्षे टिकून होती.

ती लावायला सोपी, काढायला अवघड. माझ्या थोरल्या दादांनी पहिल्याच आठवड्यात तिचा अभ्यास करून कार्यपद्धती ठरवली: दार किंचित उचलावे, उजव्या गुडघ्याने रेटावे, श्वास रोखून कडी ओढावी. (श्वास कशासाठी, हे कोणी विचारले नाही.) पाहुण्यांना पाणी देण्याआधी ही पद्धत शिकवली जाई. दोन पाहुणे पुन्हा आले नाहीत, पण ते तसेही आले नसते.

सुतार बोलवा, असा प्रस्ताव वहिनींनी वर्षाला बावन्न या दराने एकूण पाचशे बहात्तर वेळा मांडला. दादांचे उत्तर दर वेळी तेच आणि तितकेच प्रेमळ असे: रविवारी बघू.

मग दादांच्या उजव्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. तेव्हापासून ते कडी न लावता खोकत आंघोळ करत. (खोकला नव्हता, ती सूचना होती.)

पुतणी पहिल्या नोकरीसाठी परगावी निघाली, त्या सोमवारी घर पाहुण्यांनी भरले होते. लाजेखातर दादांनी कडी लावली. गाडी नऊला निघायची होती. पावणेनऊला आतून कळवण्यात आले, की पद्धत चालत नाही. आम्ही सगळे दाराशी जमलो आणि दादांनी ठरवलेली पद्धत त्यांनाच तीनदा सांगितली. आत्याने श्वासाची आठवण करून दिली. खाली ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

पुतणीने दाराला कपाळ टेकले. "बाबा, निघते मी."

आत नळ ठिबकत होता. (तोही रविवारच्या यादीत आहे.)

"नीट जा," दादा म्हणाले. "आणि तिकडच्या खोलीची कडी आधी बघून घे."

ती गेली. मला त्या कडीचा पहिल्यांदाच मनापासून राग आला.

सुतार साडेनऊला आला. काम बारा मिनिटांचे निघाले. जाताना त्याने विचारले, स्वयंपाकघराची खिडकीही निखळलीय, हातासरशी करून टाकू का?

दादा डोळे पुसत म्हणाले, "ती रविवारी बघू."

हे वाचताना तुम्हाला तुमच्या घरातली एक वस्तू आठवली. कोणती, ते मी विचारत नाही. उठूही नका. आणि आज रविवार असेलच, तर हा नव्हे, पुढचा.