रिजेक्टकाकांचा हिरवा डबा

आपल्या फाटकावर एक लाल ठिपका आहे. मागच्या वेळी तुम्ही दोघं आलात तेव्हा मीराने ते कुंकू समजून त्याला नमस्कार केला होता. बाळांनो, ते कुंकू नव्हे. फाटकाची कडी किंचित वाकडी आहे, म्हणून शेजारच्या ठोंबरेकाकांनी ते फाटक नापास केलेलं आहे.

वासुदेवराव ठोंबरे इथल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात तपासनीस होते. तिथली रीत अशी की आलेल्या मालातून एक नमुना काढायचा आणि माल देणाऱ्याच्या समोर तपासायचा. कसोटीला उतरला तर हिरवा ठिपका, नाही उतरला तर लाल. काका निवृत्त झाले, पण रीत घरी घेऊन आले. लाल रंगाचा डबा त्यांना ओमती बाजारातल्या दुकानातून सारखा आणावा लागतो. हिरवा डबा मात्र पहिलाच आहे आणि त्याचं झाकण उघडलेलं कोणी पाहिलेलं नव्हतं.

"जगात पास करण्यासारखं काही दिसलं तर उघडीन ना वहिनी," ते मला म्हणत. "घाई काहून?"

दूधवाल्याचं माप, गणपतीच्या मांडवाचा खांब, सराफ्यातल्या एका सोनाराचा तराजू, सगळ्यांना लाल ठिपका मिळालेला आहे. तुमचे बाबा तुमच्या आईला पाहायला म्हणून आले, तेव्हा काका त्यांच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "खांदा जरासा उतरता आहे." ब्रश मी आधीच लपवून ठेवला होता, म्हणून तुमच्या बाबांची सुटका झाली. गल्लीतली हिंदी बोलणारी पोरं त्यांना 'रिजेक्ट दादाजी' म्हणतात, आणि ते ऐकून काका खूश होतात.

गल्लीच्या टोकाला सरकारी प्राथमिक शाळा आहे. काकांच्या पत्नी, नलिनीवहिनी, तिथे मुख्याध्यापिका होत्या. शाळेला घंटा नव्हती. तेव्हा वहिनींनी कारखान्याच्या भंगाराच्या लिलावातून एक जाड पोलादी तबकडी घेतली. नेमकी ती काकांनीच नापास केलेली निघाली.

"केसभर जाड आहे," काका म्हणाले.

"तुमच्या तोफेला जाड असेल. माझ्या पोरांना बरोबर आहे," वहिनी म्हणाल्या, आणि तबकडी कडुनिंबाला टांगली. आवाज असा खणखणीत की गल्लीभर पोचतो. काका मात्र दर दिवाळीला जाऊन तिच्यावरचा लाल ठिपका ताजा करून येत. नियम म्हणजे नियम!

वहिनी वारल्या त्यालाही बरीच वर्षं झाली. तेव्हापासून काका प्रार्थनेच्या घंटेला चहा घेतात आणि मधल्या सुट्टीच्या घंटेला जेवतात. उन्हाळ्यात शाळा बंद असली की भर दुपारी माझ्या दारात येऊन उभे राहतात. "वहिनी, जेवायची वेळ झाली का हो?" मनगटावर घड्याळ असतं.

गेल्या हिवाळ्यात बातमी आली की ही शाळा बंद करून मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत मिळवायची. इमारत एका कंपनीला द्यायची. कंपनी तिथे शिकवणीवर्ग चालवणार आणि त्या बदल्यात पलीकडच्या शाळेला बोलणारे पडदे देणार. पडदे शिकवणार म्हटल्यावर इथल्या दोन्ही शिक्षिकांची गरज उरत नव्हती. आमच्या भागातल्या नेताजींना ही योजना इतकी पसंत पडली होती की त्यांनी हारही मागवून ठेवले होते. फक्त पालकांच्या सभेची संमती बाकी होती.

शाळेच्या मैदानातल्या त्या सभेला मीही गेले. कंपनीचे साहेब तरुण होते, नम्र होते आणि इंग्रजीत होते. भिंतीवर एकामागून एक चित्रं सरकत होती. शेजारी बसलेल्या कुशवाहाबाईंनी मला कोपराने ढोसलं. "दीदी, क्या लिखा है?"

मी नीट वाचून सांगितलं, "मालमत्ता लिहिलं आहे, भागीदारी लिहिलं आहे, विस्तार लिहिलं आहे. शाळा कुठेच लिहिलेलं नाही." हिंदीतच सांगितलं, आणि माझा आवाज वर्गात तयार झालेला असल्यामुळे ते सगळ्या सभेने ऐकलं.

नेताजी घाईने म्हणाले, "चलो, ताली बजाइए, हो गया!"

तेवढ्यात काका उठले. हातात पिशवी होती. वहिनींचे यजमान म्हणून त्यांना पुढची खुर्ची दिली होती, हीच आयोजकांची चूक झाली.

"एक मिनिट, भैया. नमुना तपासल्याशिवाय माल घेता येत नाही."

साहेबांना उलट आनंद झाला. त्यांनी पडदा चालू केला. त्यातली गोड बाई हातच्याची वजाबाकी शिकवू लागली. काकांनी तिसरीतल्या शबनमला समोर बसवलं. बाईंनी बावन्नातून सतरा वजा केले. शबनम हात वर करून म्हणाली, "मैडम, समझ में नहीं आया."

"शाबाश!" पडदा म्हणाला. "अब आगे बढ़ते हैं।"

"मैडम, नहीं आया!"

"बहुत बढ़िया!"

आधी पोरं हसली, मग आया हसल्या, मग नेताजींचे स्वतःचे कार्यकर्ते. शाळेतल्या तिवारीबाईंना राहवलं नाही. त्या शबनमशेजारी खाली बसल्या, चार खडे मांडले आणि म्हणाल्या, "कहाँ अटकी, बेटा?" काही वेळातच शबनम ओरडली, "पैंतीस!"

काकांनी पिशवीतून लाल डबा काढला आणि शांतपणे पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका दिला. "ज्याला 'समजलं नाही' ऐकू येत नाही, तो मास्तर नव्हे. रिजेक्ट."

"अरे दादाजी, ये क्या कर रहे हैं! महँगा है!" साहेब किंचाळले.

पण आता कुशवाहाबाई उभ्या राहिल्या होत्या. "और ट्रकों वाली सड़क बच्चों को पार कौन कराएगा? आपका परदा?" त्यांच्यामागे गल्लीतल्या साऱ्या बायका उभ्या राहिल्या. नेताजींनी त्या गर्दीकडे पाहिलं. त्यांना त्यात मतपेटी दिसली असावी. घसा खाकरून ते म्हणाले, "मैं तो शुरू से कह रहा था, यह स्कूल यहीं रहेगा!" आणि कंपनीसाठी आणलेला हार त्यांनी तिवारीबाईंच्या गळ्यात घातला. एवढ्या टाळ्या त्या मैदानात मी कधी ऐकल्या नव्हत्या. पुढे तसा हुकूमही निघाला. शाळा राहिली, शिक्षिका राहिल्या आणि रिकामी असलेली तिसरी जागासुद्धा भरली गेली.

हुकूम आला त्या सकाळी काका माझ्या दारात उभे होते. हातात हिरवा डबा.

"वहिनी, टर्पेंटाइन आहे का? झाकण निघून नाही राहिलं."

आम्ही दोघांनी उलथन्याने ते कसंबसं उघडलं. आत रंगावर जाड साय धरली होती. काका तिच्याकडे बघत राहिले.

"इतकी वर्षं उघडलाच नाही," ते म्हणाले. "मग असंच होणार ना."

काडीने ढवळून, टर्पेंटाइन घालून थोडा रंग हाती आला. तो सांभाळत ते शाळेत गेले, मी मागोमाग. कडुनिंबाखाली त्यांनी वहिनींच्या तबकडीवरचा लाल ठिपका टर्पेंटाइनच्या फडक्याने घासून पुसला, आणि त्याच जागी हिरवा दिला. मग मागे सरून, मान तिरपी करून पाहिलं.

"केसभर जाडच आहे, नलू," ते हळूच म्हणाले. "पण पास."

मधल्या सुट्टीची वेळ झाली होती. शाळेच्या शिपाईभैयाने ओला ठिपका चुकवून टोला दिला. आवाज गल्लीभर गेला, आणि काका घड्याळ न बघता जेवायला घराकडे वळले.